बारा हजारांचा सरंजाम

१२ एप्रिल १९६० रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्याचा अंतिम निकाल दिला. वाद होता दमणच्या किनाऱ्यावरून दादरा आणि नगर हवेली या दोन टापूंकडे जाण्याच्या वाटेचा. पण वाटेचा हक्क ठरवायचा तर त्या टापूंवर पोर्तुगालची सत्ता मुळात आली कुठून हे पाहणे भाग होते, आणि ते पाहू लागताच न्यायालयाला थेट पुणे दरबारापर्यंत मागे जावे लागले. १७७९ चा तह, १७८३ आणि १७८५ च्या सनदा, जहागीर आणि सरंजाम यांनी नेमके काय मिळते, बंड मोडण्याचा अधिकार कोणाच्या वतीने दिला होता, अशा गोष्टींचा कीस पेशवाई बुडाल्यानंतर १४२ वर्षांनी जगभरातून आलेल्या न्यायाधीशांनी काढला. मराठ्यांच्या इतिहासाची इतकी बारकाईने कायदेशीर तपासणी परदेशातल्या न्यायासनासमोर क्वचितच झाली असेल, आणि तरीही आपल्याकडे हा खटला गोवा मुक्तीच्या कथेतली एक तळटीप होऊन राहिला आहे. तो त्याहून पुष्कळ मोठा आहे. राज्य कशाने होते, सार्वभौमत्व कोणाकडून कोणाकडे कसे जाते आणि इतर राज्यांच्या मान्यतेला त्यात किती वजन असते, हे प्रश्न सुमारे ४९० चौरस किलोमीटरच्या या मुलखाने जितक्या स्पष्टपणे मांडले तितके मोठ्या साम्राज्यांच्या इतिहासातही सहसा मांडले जात नाहीत.

राज्य कोणाचे, हा प्रश्न आपण बहुधा तारखांनी सोडवतो. अमुक दिवशी तह झाला, अमुक दिवशी निशाण चढले. दादरा-नगर हवेलीचा इतिहास तो तसा सोडवू देत नाही, कारण इथे कागद जवळजवळ प्रत्येक वेळी मागून आला. आधी कोणीतरी कारभार करू लागले, शेजाऱ्याने तो चालू दिला, वर्षे गेली, आणि मग कायद्याने त्या परिस्थितीला नाव दिले. माझे म्हणणे असे, की आंतरराष्ट्रीय कायद्यातली मान्यता मुख्यतः अशीच घडते. ती शेजाऱ्याच्या दीर्घ वागणुकीतून तयार होते, आणि त्या वागणुकीत त्याचे मौनही धरावे लागते. घोषणा, सह्या आणि शिक्के त्या वागणुकीची नोंद करतात, कधी उशिरा करतात, तर कधी मागची तारीख घालून करतात.

१७७९ साली पुणे दरबार बिकट पेचात होता. नारायणरावाचा खून झालेला, रघुनाथराव इंग्रजांना जाऊन मिळालेला, लहानग्या सवाई माधवरावाच्या नावाने नाना फडणवीस कारभार हाकत असलेले, आणि जानेवारीत वडगावला इंग्रजांना नमवूनही युद्ध संपलेले नव्हते. गोव्याच्या पोर्तुगिजांनी या काळात विरोधात जाऊ नये, ही पुण्याची गरज होती. १७ डिसेंबर १७७९ च्या तहात पोर्तुगिजांना दमणलगतच्या मुलखातून सालीना १२,००० रुपये उत्पन्नाची गावे लावून देण्याचे कलम आले. मराठी आरमाराने पकडलेल्या ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाची भरपाई हाही विषय या देण्यामागे असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्ष गावे हाती यायला वेळ लागला. नगर हवेली परगण्यातली गावे १७८३ मध्ये गेली, दादरा १७८५ मध्ये. पुढे पोर्तुगालने हेगमध्ये दावा मांडला तो या तहाच्या आणि सनदांच्या जोरावर: मराठ्यांनी हा मुलूख आम्हाला तोडून दिला, म्हणून आम्ही इथले सार्वभौम, आणि सार्वभौमाला आपल्या मुलखापर्यंत जायची वाट असलीच पाहिजे.

मराठी राज्यकारभाराची थोडी ओळख असलेल्या माणसाला या दाव्यातली चूक लगेच दिसते. सरंजाम म्हणजे चाकरीच्या किंवा सैन्याच्या खर्चासाठी लावून दिलेला महसूल. देणारा धनी राहतो, आणि कारण पडले तर तो सरंजाम जप्तही करतो. न्यायालयानेही असेच धरले. सरंजाम किंवा जहागीर दिल्याने मुलखाचे सार्वभौमत्व गेले, असे मानल्याचे एकही उदाहरण आपल्यापुढे आणले गेले नाही, असे त्याने नोंदवले. त्याचा सर्वांत धारदार युक्तिवाद बंडाच्या कलमाविषयी होता. त्या गावांत कोणी बंड केले तर पोर्तुगिजांनी ते मोडावे, असे सनदेत म्हटले होते. पोर्तुगाल याकडे आपल्या सत्तेचा पुरावा म्हणून बोट दाखवत होता. न्यायालयाने ते उलटे वाचले: ज्याला सार्वभौमत्वच दिले, त्याला स्वतःच्या मुलखातले बंड मोडायची परवानगी लिहून देण्याची गरज काय? अर्थात हा अधिकार मराठ्यांच्या वतीने वापरायचा होता आणि त्यात मराठ्यांप्रती कर्तव्यही होते. दफ्तरातली ओळ तिच्या स्वतःच्या व्यवस्थेत ठेवून वाचण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

याच टप्प्यावर भारताचा एक मुद्दा मात्र न्यायालयाने मान्य केला नाही, आणि मराठी वाचकाने त्याबद्दल समाधान मानावे असे मला वाटते. भारताचे म्हणणे असे होते, की हा तह मुळात रीतसर झालेलाच नाही. दोन्ही बाजूंचे मसुदे जुळत नाहीत, करारासाठी लागणारी औपचारिकता दिसत नाही. न्यायालयाने उत्तर दिले, की अठराव्या शतकाच्या अखेरच्या कराराची वैधता नंतरच्या काळातल्या रिवाजांनी जोखता येत नाही. मराठे स्वतः हा तह बंधनकारक मानत होते, एवढे पुरे. म्हणजे पुण्याचे राज्य करार करण्यास समर्थ असे राज्य होते, हे त्यात गृहीत धरले गेले. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय कायदेपंडितांनी ‘सुसंस्कृत राष्ट्रांचा’ एक वेगळा गोतावळा कल्पून आशियातल्या राज्यांना त्याबाहेर ठेवले होते. मद्रास विद्यापीठात शिकवणारे चार्ल्स अलेक्झांद्रोविच यांनी १९६७ च्या ग्रंथात दाखवून दिले, की त्याआधीच्या दोन-तीन शतकांत युरोपीय सत्ता पूर्वेकडील राज्यांशी बरोबरीच्या नात्याने तह करत होत्या आणि ते पाळतही होत्या. हेगच्या निकालातला हा परिच्छेद त्याच दिशेचा आहे. खटला जिंकण्यासाठी भारताच्या वकिलांना मराठ्यांचा तह कच्चा ठरवावासा वाटला, हे वकिली धोरण म्हणून समजते. इतिहास म्हणून न्यायालयाची बाजू अधिक खरी होती.

तेव्हा अठराव्या शतकापुरता निकाल भारताच्या बाजूचा: पोर्तुगिजांकडे होता तो फक्त सरंजाम. मग त्या सरंजामाचे राज्य झाले कसे? इथे न्यायालय १८१८ वर येते. पेशवाई बुडाली, आसपासचा मुलूख इंग्रजांकडे गेला. मराठ्यांचे वारस म्हणून इंग्रजांना म्हणता आले असते, की सरंजाम देणाऱ्या धन्याच्या जागी आता आम्ही आहोत आणि या गावांचे सार्वभौमत्व आमचे. त्यांनी तसे कधीच म्हटले नाही. गावांत पोर्तुगीज एकहाती कारभार करत असलेले त्यांना आढळले आणि तो त्यांनी तसाच चालू दिला. उघड शब्दांत मान्यताही दिली नाही. शतकभर कोणी हरकत घेतली नाही, आणि त्यातून पोर्तुगालचे सार्वभौमत्व इंग्रजांनी वस्तुतः व गर्भितपणे मान्य केले, पुढे स्वतंत्र भारतानेही ते मूकपणे मान्य केले, असा न्यायालयाचा निष्कर्ष. या निकालातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. कोणताही तह नाही, खरेदी नाही, विजय नाही. धन्याच्या जागी आलेल्याने आपला हक्क कधी सांगितलाच नाही म्हणून उपभोग घेणारा धनी झाला. गावकी-भावकीतल्या जमिनीच्या वादात वहिवाट जे काम करते, तेच काम इथे राज्याराज्यांमध्ये झाले.

वाटेचा हक्कही न्यायालयाने तसाच ठरवला. सव्वाशे वर्षे खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल दमणहून या टापूंकडे जात-येत होते, आणि इंग्रजांनी व नंतर भारताने नियमनाच्या अधिकाराखाली ते जाऊ दिले होते. दोनच राज्यांमध्ये इतका काळ एकसारखी चालत आलेली रीत त्या दोघांवर बंधनकारक प्रथा होऊ शकते, हे तत्त्व या खटल्याने प्रस्थापित केले आणि आजही कायद्याच्या वर्गात ते याच खटल्याच्या नावाने शिकवले जाते. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांची गोष्ट निराळी होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात एकमेकांच्या हद्दीत सैन्य नेण्यासाठी मागणी करण्याची अट होती आणि व्यवहारातही परवानगी मागितली जात होती. जिथे दर वेळी परवानगी मागावी लागते तिथे हक्क नसतो. म्हणून मुलकी वाहतुकीचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला, सशस्त्र दलांचा हक्क ८ विरुद्ध ७ अशा एका मताने फेटाळला गेला, आणि भारताने १९५४ मध्ये आपली जबाबदारी मोडली नाही हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. भारतातर्फे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि तदर्थ न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला बसले होते, दोघेही मुंबईच्या वकिलीत घडलेले. छागलांनी आपले मत भिन्न नोंदवले. अर्जेंटिनाचे न्यायाधीश मोरेनो किन्ताना यांचे भिन्नमत अधिक थेट होते: ठाम पुराव्याशिवाय पोर्तुगालचा दावा उचलून धरणे म्हणजे वसाहतवाद टिकवणे, आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या सनदेशी विसंगत आहे.

आता १९५४ कडे येऊ, कारण तिथे वागणुकीने दुसऱ्यांदा कायद्याला मागे टाकले. स्वतंत्र भारताने लिस्बनशी बोलणी करून पाहिली होती. लिस्बनचे उत्तर असे, की आमच्या वसाहतीच नाहीत. १९५१ च्या घटनादुरुस्तीने पोर्तुगालने आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नाव दिले होते. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली आणि त्यानंतर दमण ते हवेली वाटेवरचे निर्बंध वाढत गेले. २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या तुकडीने दादऱ्याची पोलीस चौकी घेतली. मग आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक नरोलीतून पुढे सरकले. त्यात गोव्याचे विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी होते, महाराष्ट्रातून गेलेल्यांत सुधीर फडके होते. २ ऑगस्टला नगर हवेलीचे मुख्य ठाणे सिल्वासा पडले. कॅप्टन फिदाल्गो हा प्रशासक दीडशेच्या आसपास शिपाई घेऊन खानवेलकडे निघून गेला आणि ११ ऑगस्टला उधव्याला शरण आला. तेव्हा भोवतालचा मुलूख मुंबई राज्याचा होता आणि वाटांवर भारताचे पोलीस उभे होते. जुलैच्या अखेरीस पोर्तुगालने दमणच्या गव्हर्नरचे प्रतिनिधी जाऊ देण्याची विनंती केली, ती नाकारली गेली. भोवतालच्या भारतीय हद्दीत तणाव असल्याने नियमनाच्या अधिकारात हे बसते, असे न्यायालयाने पुढे म्हटले.

इथून पुढची सात वर्षे इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत संपतात, आणि माझ्या मते ती या कथेतली सर्वांत विचार करण्यासारखी वर्षे आहेत. भारताने हा मुलूख घेतला नाही. अप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले. वरिष्ठ पंचायत नावाची सल्लागार सभा उभी राहिली. पोर्तुगीज काळातल्या टपाल तिकिटांवर नवे छाप मारून ती वापरली गेली, महसूल गोळा झाला, न्यायनिवाडा चालला, शाळा चालल्या. मुलूख ठरलेला, लोकसंख्या ठरलेली (१९६१ च्या जनगणनेत ती ५८ हजारांच्या घरात होती), सरकार चालू. २६ डिसेंबर १९३३ रोजी मोन्टेव्हिडिओ येथे अमेरिका खंडातल्या राष्ट्रांनी राज्याची जी चार लक्षणे कराराने सांगितली, त्यांतली तीन इथे डोळ्यांसमोर होती. चौथे लक्षण इतर राज्यांशी संबंध ठेवण्याचे सामर्थ्य, आणि ते इथे अर्धेच होते, कारण संबंध ठेवायला शेजारी एकच होता. त्याच कराराच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे, की राज्याचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसते. जगातल्या एकाही राज्याने या मुलखाला राज्य म्हणून मान्यता दिली नाही. भारतानेही नाही.

कायदेपंडितांच्या दोन परंपरांना हे उदाहरण अडचणीत टाकते. एक परंपरा म्हणते की मान्यतेनेच राज्य जन्मते. दुसरी म्हणते की राज्य आधीच असते, मान्यता केवळ त्याची दखल घेते. पहिली खरी धरली तर सात वर्षे सिल्वाशात जे चालले ते कायद्याच्या दृष्टीने काहीच नव्हते, आणि मग १९६१ मध्ये भारताने करार कोणाशी केला? दुसरी खरी धरली तर ते एक स्वतंत्र राज्य होते, आणि तसे तिथल्या लोकांनी स्वतःही कधी म्हटले नाही. सुरुवातीपासून त्यांचे ध्येय विलीनीकरण हेच होते. हर्श लॉटरपाख्ट यांनी १९४७ च्या ग्रंथात या दोन टोकांमधून वाट काढली होती, की लक्षणे पुरी असतील तर मान्यता देणे इतर राज्यांचे कायदेशीर कर्तव्यच आहे. दादरा-नगर हवेलीला तेही लागू होत नाही, कारण तिथे मान्यता मागणारेच कोणी नव्हते. १९४८ मध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती आणि आपण राज्य आहोत हे जगाने मानावे अशी निजामाची धडपड होती. हवेलीत नेमकी उलट इच्छा होती. मला वाटते, या मुलखाला राज्य म्हणणे चूक आहे आणि पोकळी म्हणणेही चूक आहे. तो आपला कारभार आपण करणारा, आपल्या भविष्याविषयी निर्णय घेण्यास समर्थ असा एक समुदाय होता, आणि त्याला ते सामर्थ्य कोणाच्या मान्यतापत्राने आले नव्हते. ते सात वर्षे कारभार केल्याने आले.

याला पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा: हा सारा देखावा भारताने उभा केला होता. भारताच्या पोलिसांनी वाटा अडवल्या नसत्या तर पोर्तुगीज शिपाई चार दिवसांत परत आले असते. १९३२ मध्ये जपानने मांचुरियात मांचुकुओ उभे केले तेव्हा लिटन आयोगाने ते जपानी लष्कराच्या आधारावर उभे असल्याचे ठरवले, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री स्टिम्सन यांनी बळाने बदललेल्या परिस्थितीला मान्यता न देण्याचे धोरण जाहीर केले, आणि राष्ट्रसंघाने त्याला राज्य मानायला नकार दिला. मग हवेलीला वेगळा न्याय का? या आक्षेपातले तथ्य नाकारू नये. भारताची भूमिका तटस्थ नव्हती, आणि स्वयंसेवकांतले पुष्कळ जण भारतीय हद्दीतून आले होते. पण मांचुकुओत जपानचे सैन्य आत होते, कारभारात जपानी अधिकारी बसले होते, आणि जपानने सप्टेंबर १९३२ मध्ये लगेच मान्यता देऊन करार करून घेतला. भारताने सात वर्षे मान्यताही दिली नाही आणि विलीनीकरणही केले नाही, कारण खटला हेगमध्ये चालू होता आणि त्याचा निकाल मानण्याची तयारी होती. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला त्याने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वीकारले आणि २२ तारखेला दावा दाखल केला. इतक्या घाईने ओढलेल्या खटल्यातून अंग काढून घ्यायला निमित्त शोधणे अवघड नव्हते. भारताने प्राथमिक आक्षेप घेतले, १९५७ मध्ये त्यांतले चार फेटाळले गेले, आणि तरी तो शेवटपर्यंत लढला. बळाचा वापर आणि कायद्याची वाट पाहणे, या दोन्ही गोष्टी एकाच सरकारने केल्या. दुसरीमुळे पहिली पुसली जात नाही, पण मांचुकुओशी केलेली तुलना मात्र टिकत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. वागणुकीतून हक्क निर्माण होतो असे म्हटले, तर ‘बळी तो कान पिळी’ हाच कायदा झाला. ज्याने बळकावले आणि टिकवले तो मालक. या आक्षेपाचे उत्तर मला न्यायालयाच्या निकालातच दिसते. १८१८ नंतर पोर्तुगालला सार्वभौमत्व मिळाले ते बळाने नव्हे. ज्याला हरकत घेता आली असती त्याने घेतली नाही म्हणून मिळाले. हरकत नोंदवली की वहिवाट खंडित होते. म्हणून तर राज्ये एकमेकांना निषेधाचे खलिते पाठवत असतात. ते निष्फळ दिसतात, पण मौन धरल्याने जे गमवावे लागते ते त्यांनी वाचते. १९५४ नंतर पोर्तुगालने सतत हरकत घेतली, म्हणून हवेलीतील नव्या कारभाराला नुसत्या काळाने वैधता आली असती असे मी म्हणत नाही. तिला दुसरा आधार मिळाला: १४ डिसेंबर १९६० च्या महासभेच्या ठरावाने वसाहतीतल्या लोकांचा स्वनिर्णय हा नियम म्हणून सांगितला, आणि दुसऱ्याच दिवशीच्या ठरावाने गोवा व त्याच्या अधीन प्रदेशांसह पोर्तुगालचे सगळे ‘प्रांत’ स्वयंशासन नसलेले प्रदेश ठरवले. प्रामाणिकपणे सांगायचे तर १९५४ साली कायदा निर्विवादपणे भारताच्या बाजूने नव्हता. १९६० अखेर तो वळला, आणि वळला तो आशिया-आफ्रिकेतल्या नव्या राज्यांच्या मतांनी.

या साऱ्या युक्तिवादात एक पक्ष फार क्वचित बोलताना ऐकू येतो. वारली, कोकणा, धोडिया, कातकरी हे तिथले बहुसंख्य लोक. १७८३ मध्ये गावे सरंजामात गेली तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही, १८१८ मध्ये इंग्रज गप्प राहिले तेव्हाही नाही. हेगमध्ये दोन्ही बाजूंनी जे कागद मांडले त्यांत ही माणसे महसुलाच्या आकड्यांमागे आहेत. १२,००० रुपये हा आकडा शेवटी त्यांच्या शेतांतून आणि रानातून येणार होता. १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा एकमताने ठराव केला, तो या मुलखाच्या वतीने त्याच्या स्वतःच्या सभेने घेतलेला पहिला मोठा निर्णय म्हणून मोलाचा आहे. त्या सभेत आदिवासींचे वजन त्यांच्या संख्येच्या प्रमाणात होते असा दावा मी करणार नाही. स्वनिर्णयाचा कायदा समुदायाला अधिकार देतो, पण समुदायात कोणाचा आवाज मोजला गेला हे तो फारसे विचारत नाही. ही त्या कायद्याची खरी उणीव आहे आणि ती हवेलीपुरती नाही.

ठरावानंतरची कार्यवाही मात्र विलक्षण आहे. के. जी. बदलानी हे भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी तिथे प्रशासक होते. विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंच्या समोर सही करायला समान दर्जाचा कोणी हवा, म्हणून त्यांना एका दिवसापुरते पंतप्रधान केले, असे सांगितले जाते. सात वर्षे ज्याला कोणी राज्य म्हटले नाही, त्याला राज्यासारखे वागवले ते विसर्जनाच्या दिवशी. मग दहावी घटनादुरुस्ती झाली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगर हवेली हा केंद्रशासित प्रदेश झाला. फिदाल्गो शरण आल्याला त्या दिवशी सात वर्षे झाली होती. इथे भारताने लष्कर पाठवले नव्हते, संमतीचा कागद समोर होता. चार महिन्यांनी गोव्यात तसे झाले नाही. १७ ते १९ डिसेंबरच्या कारवाईनंतर सुरक्षा परिषदेत भारतावर टीका करणारा ठराव सात मते मिळूनही सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. हवेलीच्या विलीनीकरणावर असा गदारोळ झाला नाही, याचे मोठे श्रेय त्या सात वर्षांच्या संयमाला द्यावे लागते.

पोर्तुगालने तरीही काही मान्य केले नाही. सालाझारने उभारलेल्या राजवटीने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली आपल्याच आहेत असे तेरा वर्षे धरून ठेवले. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये सत्तापालट झाला, आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस आणि भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी मान्यतेच्या तहावर सह्या केल्या. नाना फडणवीसांच्या काळात पुण्याने दिलेल्या गावांविषयीचा शेवटचा करार कराडच्या माणसाच्या सहीने झाला. तहाच्या पहिल्या कलमात पोर्तुगालने या प्रदेशांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले, आणि ते कोणत्या दिवसापासून, तर भारताच्या राज्यघटनेनुसार ते प्रदेश भारताचे भाग झाले त्या त्या तारखांपासून. म्हणजे मान्यता १९७४ ची, तिचा अंमल १९६१ पासून.

ही मागची तारीख घालताना एक कालखंड मात्र बाहेर राहिला. दादरा आणि नगर हवेली भारताचा घटनात्मक भाग झाला तो ११ ऑगस्ट १९६१ रोजी, म्हणून पोर्तुगालची मान्यताही त्या दिवसापासून. २ ऑगस्ट १९५४ पासून तोपर्यंत तिथे सार्वभौम कोण होते, यावर तह गप्प आहे. हेगच्या निकालातही ते नाही, कारण न्यायालयाने प्रश्न १९५४ च्या घटनांच्या पूर्वसंध्येपुरता ठेवला आणि पुढच्या कारभाराविषयी मत देण्याचे टाळले. पोर्तुगालच्या दृष्टीने तो मुलूख त्या सात वर्षांत पोर्तुगालचाच राहिला, पण त्याचा एकही अधिकारी तिथे नव्हता. भारताच्या दृष्टीने तो भारताचा नव्हता, कारण भारताने तो स्वतःच घेतला नव्हता. त्या काळात तिथे केलेले दस्त, वसूल केलेला महसूल आणि दिलेले निवाडे मात्र पुढे कोणी निरर्थक ठरवले नाहीत, आणि ते ज्या सत्तेच्या नावाने झाले तिचे नाव कोणत्याही तहात आलेले नाही.